उठ, बस, पाणी आण

आमच्या घरात इंग्रजी आलं ते मोठेबाबांच्या रागातून. मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. वडील मी लहान असतानाच गेले आणि तेव्हापासून मी आणि माझी माय त्यांच्या घरात, त्यांच्या शब्दाखाली राहत होतो. एकदा ते कापसाच्या गाड्या घेऊन नेरच्या बाजारात गेले. तिथल्या कुण्या बाबूनं त्यांना भर उन्हात ताटकळत ठेवलं, आणि शेवटी त्यांच्याकडे बघत शेजारच्याशी काहीतरी इंग्रजीत बोलून दोघं खदाखदा हसले. काय बोलले ते मोठेबाबांना कळलं नाही, पण आपल्यावर हसले एवढं कळलं. घरी येऊन त्यांनी टोपी बाजेवर आपटली आणि घरभर ऐकू जाईल असं म्हणाले, "माया नातवायले इंग्रजी आलंच पाह्यजे. मले जे आयकून घ्या लागलं, ते त्यायनं दुसऱ्यायले आयकवलं पाह्यजे!" मला ते वाक्य तेव्हा फार थोर वाटलं होतं. त्यातला शेवटचा अर्धा भाग किती विषारी आहे हे कळण्याचं माझं वय नव्हतं.

मी यवतमाळला मामाकडे राहून मॅट्रिक झाले होते आणि नुकतीच गावी परतले होते. गावात मॅट्रिक झालेली मुलगी म्हणजे दोन डोक्यांची म्हैस पाहायला यावं तसं बायका मला पाहायला येत, आणि 'आता हिले नवरा कुठून पाहान' असं मायला विचारून जात. मला नवरा नको होता. मला अमरावतीला मास्तरणीच्या ट्रेनिंगला जायचं होतं. हे मी मायजवळ बोलले, मायनं मोठ्या आईजवळ, म्हणजे मोठेबाबांच्या बायकोजवळ काढलं, आणि फिरत फिरत ते मोठेबाबांपर्यंत गेलं. त्यांनी मला घरापुढच्या छपरीत बोलावलं. सुपारी कातरत कातरत म्हणाले, "पोट्ट्यायले इंग्रजी शिकव. शाळेत तं मोठ्या वर्गात गेल्याबिगर शिकवत नाहीत. तान्ह्या पोळ्याले तालुक्याचे साहेब आपल्या घरी जेवाले येनार हायेत. त्यायच्या समोर पोट्टे इंग्रजीत बोलले, का तुले अमरावतीले पाठवतो. नाही बोलले, तं केळापूरकडचं लग्नाचं एक ठिकाण हाय डोळ्यासमोर." म्हणजे माझं सगळं पुढचं आयुष्य पाच-सहा वर्षांच्या शेंबड्या पोरांच्या जिभेवर टांगून ते मोकळे झाले. मी आनंदानं हो म्हटलं. दुसरं म्हणण्याची सोयच नव्हती.

छपरीत वर्ग भरू लागला. सकाळी जात्याची घरघर थांबली, माय ताक घुसळायला बसली आणि गोठ्यातून बैलांच्या घंटा वाजल्या, की गल्लीतली पोरं यायची. कुणाच्या हातात अर्धी भाकर आणि तिच्यावर जवसाची चटणी, कुणाच्या डोळ्यांत अजून झोप. जमीन नुकती सारवलेली असायची, तिचा ओला वास आणि चटणीतल्या लसणाचा वास यांतच मी आयुष्यातला पहिला धडा शिकवला. आजही कुठल्या वर्गात गेले तर मला खडूचा वास आधी येत नाही, तो लसणाचा येतो. मोठेबाबांचा नातू बंडू सगळ्यांत लहान होता आणि सगळ्यांत मोठ्यानं बोलायचा. तो मला आत्या म्हणायचा, म्हणून गल्लीतली झाडून सगळी पोरं मला आत्याच म्हणू लागली. माय दारामागून उकडलेल्या शेंगा सरकवून द्यायची. मोठेबाबा बाजेवर बसून सगळं ऐकायचे, आणि त्यांच्या अडकित्त्याचा कटकट आवाज आमच्या धड्यात सारखा मिसळत राहायचा.

मामाकडून एक जुनं इंग्रजी वाचनाचं पुस्तक आणलं होतं. त्याचा पहिला धडा म्हणजे नुसते हुकूम. स्टँड अप. सिट डाऊन. कम हिअर. गो. ब्रिंग वॉटर. उठ, बस, इकडे ये, जा, पाणी आण. ज्या कुणी साहेबानं ते पुस्तक लिहिलं असेल त्यानं आपल्या बंगल्यातल्या खानसाम्याकडे बघत लिहिलं असणार. दुसरं कोण होतं त्याच्यासमोर? लहान पोराला भाषा शिकवायची तर आधी आपलं नाव सांगावं, काय आवडतं ते सांगावं, मायला हाक मारावी. इथं सुरुवातच दुसऱ्याला उठवण्या-बसवण्यापासून. पण पुस्तक तेच होतं आणि मला पुस्तकाबाहेरचं काही येत नव्हतं. शिवाय पोरांना धडा आवडला. एकानं हुकूम सोडायचा, दुसऱ्यानं करायचा. लगेच भांडणं सुरू झाली, कारण हुकूम सोडायला सगळे तयार आणि उठायला-बसायला कुणीच तयार नाही.

यावर तोड काढली बंडूनं. तो धडा घेऊन थेट गोठ्यात गेला. आमच्याकडे फुलसिंगकाका सालगडी होते. जवळच्या तांड्यावरचे, बंजारा. घरच्या माणसांशी आमची वऱ्हाडी बोलायचे, तांड्यावरून कुणी आलं की त्यांच्याशी गोरबोली, आणि बाजारात हिंदी. बंडू लहान असल्यापासून त्यांच्या खांद्यावरच वाढलेला. त्यानं बैलासमोर उभं राहून 'गो' म्हटलं. बैल कशाला हलतो? तो कडबा खात राहिला. मी दारातून पाहत होते. फुलसिंगकाकांनी बंडूला दिसणार नाही असं हळूच कोपरानं बैलाला ढोसलं आणि बैल चार पावलं पुढे गेला. पोरगं नाचायलाच लागलं. "आत्या, बैलाले इंग्रजी येते!" मग हा रोजचा खेळ झाला. बंडूनं 'कम हिअर' म्हणायचं आणि काकांनी कासरा ओढायचा. बैल कंटाळून खाली बसला की काका स्वतःच बैल व्हायचे. "ब्रिंग वॉटर," म्हटलं की हसत हसत लोटा भरून आणायचे आणि म्हणायचे, "घ्या साहेब." त्या दोघांचं प्रेम होतं ते. त्यात मालक कोण आणि गडी कोण हे बंडूला ठाऊक नव्हतं आणि काकांना त्या घटकेपुरतं आठवत नसावं. मला तो खेळ फार गोड वाटायचा. मोठेबाबा बाजेवरून तो पाहत होते, आणि त्यांना त्यात काय दिसत होतं ते मला फार उशिरा समजलं.

पोळा आला. आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांचे खांदे पळसाच्या पानांनी, हळद-तुपानं शेकतात आणि त्यांना जेवणाचं आमंत्रण देतात. मोठेबाबांनी स्वतः बैलापुढे हात जोडले आणि म्हटलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." जनावराला अहो-जाहो करून जेवायला बोलावणारी आमची रीत. पोळ्याच्या दिवशी बैलांबरोबर गड्यालाही ओवाळतात. फुलसिंगकाकांना नवं धोतर मिळालं, मोठ्या आईनं त्यांना कुंकू लावलं, आणि घरच्या पुरुषांच्या आधी त्यांचं पान मांडलं. पुरणाची पोळी, वर तुपाची धार, कढी, वडे. माय वाढत होती आणि काका लाजून "पुरे, पुरे" म्हणत होते. वर्षातून एक दिवस माणसाला माणसासारखं जेवू घालायचं आणि त्याचंही कौतुक करून घ्यायचं, असं आज वाटतं. तेव्हा वाटलं की आमचं घर किती चांगलं आहे.

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. आमच्या भागात हा सण पोरांचा. पोरं लाकडी बैल सजवून आणतात, ओळीत उभे करतात, मोठी माणसं त्यांना खाऊ देतात. आमच्या अंगणात सगळं गाव जमलं होतं. तांड्यावरचीही पोरं आपापले बैल घेऊन आली होती. साहेब खुर्चीवर, मोठेबाबा शेजारी, माझे विद्यार्थी धुतलेल्या सदऱ्यांत. मी खांबाजवळ उभी होते. ठरल्याप्रमाणे पोरांनी आपलं नाव इंग्रजीत सांगितलं, ते मी धड्याबाहेरचं मुद्दाम शिकवलं होतं. साहेबांनी मान डोलावली. मला अमरावती दिसू लागली.

तेवढ्यात मोठेबाबा उठले. "साहेब, हे तं काहीच नाही. आमचा बैल पाहा. त्याले इंग्रजी समजते." आणि त्यांनी हाक मारली, "फुलसिंग, ये इकडे." काका पाणी वाढत होते. ते कालचं नवं धोतर नेसून आले. मोठेबाबांनी त्यांना लाकडी बैलांच्या ओळीत नेऊन उभं केलं, बंडूच्या हातात खरी तुतारी, म्हणजे बैलाला टोचायची अणकुचीदार काठी दिली आणि म्हणाले, "चालव रे." बंडू खूश. त्याचा रोजचाच खेळ होता तो. "सिट डाऊन!" काका बसले. "स्टँड अप!" काका उठले. "गो!" काका चालू लागले. अंगण हसून लोटपोट झालं. साहेब रुमालानं डोळे पुसत होते. काकाही हसत होते, पण ते हसणं गोठ्यातलं नव्हतं. वय झालेला माणूस, पुन्हापुन्हा उठता-बसता त्यांना धाप लागली आणि एकदा उठायला उशीर झाला. तेव्हा मोठेबाबा मोठ्यानं म्हणाले, "टोच त्याले, टोच!" आणि त्या पाच वर्षांच्या पोरानं, ज्याला काकांनी खांद्यावर वाढवलं होतं, त्यांच्या पाठीत तुतारी टोचली.

मी धावत गेले आणि बंडूच्या हातातून तुतारी हिसकावून घेतली. पोरगं घाबरून रडायला लागलं. साहेबांनी मला इंग्रजीत विचारलं की काय झालं, तुम्ही का रागावलात. मला प्रश्न कळला. उत्तर देता येईना. मॅट्रिकला इंग्रजीत चांगले मार्क मिळवलेली मी, तोंड उघडून उभी राहिले आणि माझ्या सगळ्या इंग्रजीत रागावायला एक शब्द सापडला नाही. मला वाचायला शिकवलं होतं, पाठ करायला शिकवलं होतं, हुकूम द्यायला आणि झेलायला शिकवलं होतं. शेवटी मी मोठेबाबांकडे वळले आणि आमच्या बोलीत ओरडले, "परवा बैलाले हात जोडले तुमी! बैलाले 'या' म्हटलं! आन मान्साले टोचून राह्यले?" मोठेबाबा साहेबांना म्हणाले, "पोरगी जराशी तापट हाय. बाप नाही ना." आणि लोक पुन्हा हसले. त्या हसण्याचा राग माझा अजून उतरलेला नाही. ते सगळे आता मातीत गेले, मीही फार दिवसांची नाही, पण उतरलेला नाही आणि उतरावा अशी माझी इच्छाही नाही.

संध्याकाळी मी गोठ्यात गेले. काका कडबा टाकत होते. मी काही बोलायच्या आधीच म्हणाले, "जाऊ द्या ताई. लेकरू हाय ते. त्याचा काय दोष." मी म्हटलं, "काका, तुमाले राग नाही आला?" त्यांनी कडब्याची आणखी एक पेंढी सोडली. मग म्हणाले, "माई नात तिथंच उभी होती. तिचा बैल घेऊन आलती तांड्याहून. मले काही बोलली नाही. बैल तसाच ठेवून घरी चालली गेली." एवढंच म्हणाले. गुढीपाडव्याला साल संपलं तेव्हा त्यांनी आमचं घर सोडलं आणि बाभुळगावकडे दुसऱ्याच्या शेतावर गेले. मोठेबाबा वर्षभर सांगत फिरले की गड्याच्या जातीला माया नसते.

आता यवतमाळला गल्लोगल्ली कॉन्व्हेंट झाली आहेत. माझ्या घरासमोरच एक आहे. गळ्यात टाय बांधलेली तीन वर्षांची पोरं रिक्षातून उतरतात आणि दारातल्या म्हाताऱ्या आयाला म्हणतात, कम, टेक माय बॅग. बाजूला उभी असलेली आई कौतुकानं हसते. माझ्या घरातल्यांना वाटतं की म्हातारी उगाच चिडते, पोरं गोड तर बोलतात. मी काय सांगू त्यांना?

तर वर्ग बंद झाला. अमरावती बंद झाली. तिथं मी पुढे गेले, पण फार वाट पाहून, मामाच्या जोरावर. मोठेबाबांनी दिवाळीनंतर केळापूरकडचं ते ठिकाण घरी बोलावलं. मुलगा कचेरीत कारकून होता आणि त्याला म्हणे इंग्रजी जाणणारी बायको हवी होती. तो स्वतः आला नाही, त्याचे वडील आणि मामा आले. मला मोठ्या आईचं हिरवं लुगडं नेसवलं आणि चहा घेऊन बाहेर पाठवलं. मुलाचे हे मामा बोलके होते. "बस पोरी," म्हणाले. मी बसले. "उठ बरं जरा." मी उठले. "जरा चालून दाखव." मी त्या भिंतीपासून या भिंतीपर्यंत चालले. "पानी आन बरं थोडं." मी लोटा भरून आणला. लोटा त्यांच्यासमोर ठेवून मी मान खाली घातली, आणि मोठेबाबांना वाटलं मी लाजते आहे. मला तर माझ्या पाठीत तुतारी टोचल्यासारखं झालं होतं. अंगण तेच होतं, बाज तीच होती, आणि अडकित्ता तसाच कटकटत होता.

"आता थोडी इंग्रजी बोलून दाखव," मामा म्हणाले.

"बोलून काय दाखवू," मी म्हटलं. "शिकवून दाखवते." मोठेबाबांच्या कपाळाला आठी पडली, पण पाहुण्यांना ते फार आवडलं. "दाखव, दाखव," म्हणाले. मी छपरीत येऊन बसले. पोरं कुठून आणायची हा प्रश्न होता, वर्ग बंद होऊन किती दिवस झाले होते. तोच मागच्या दारातून आवाज आला. माझी माय, जिनं मोठेबाबांच्या समोर उभ्या जन्मात आवाज चढवला नव्हता, डोक्यावरचा पदर सावरत गल्लीकडे तोंड करून एकेका पोराचं नाव घेऊन ओरडत होती. पोरं धावत आली. आत्याचा वर्ग पुन्हा भरला म्हणून सगळी पोरं फार आनंदात होती. बंडू सगळ्यांत पुढे बसला.

मी त्यांना त्या दिवशी पुस्तकात नसलेला धडा दिला. तान्ह्या पोळ्याच्या दिवसापासून मी तो मनात घोळवत होते. मी म्हटलं, "म्हणा, नो. आय वोन्ट." पोरांनी म्हटलं. अर्थ सांगितला. मग मी खडा आवाज काढून हुकूम सोडला, "स्टँड अप!" सवयीनं दोघं-चौघं उठले. मी त्यांना खाली बसवलं आणि पुन्हा म्हटलं, "स्टँड अप!" या वेळी कुणी उठलं नाही. मांड्या घट्ट आवळून, छाती फुगवून सगळी ओरडली, "नो! आय वोन्ट!" "ब्रिंग वॉटर!" "नो! आय वोन्ट!" "गो!" "नो! आय वोन्ट!" पोरांना हा खेळ आजवरच्या कुठल्याही खेळापेक्षा आवडला, कारण यात भांडणच नव्हतं, सगळ्यांचाच नंबर होता. छपरी दणाणून गेली. माय चौकटीला टेकून उभी होती आणि तिला इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं, पण मी तिला इतकी खूश त्याआधी कधी पाहिली नव्हती.

अंगणातून मामांचा आवाज आला, "वा! पोरगी लय चांगली शिकवते. पोट्टे कसे धडाधड बोलून राह्यले! आमाले पसंत हाय." मोठेबाबांचा अडकित्ता थांबला. कित्येक दिवसांनी त्यांच्या तोंडावर हसू आलं. पाहुणे उठून छपरीत आले आणि मामांनी बंडूच्या गालाला हात लावून विचारलं, "काय म्हणत होतास रे राजा? आमच्या बोलीत सांग पाहू."

बंडू ताडकन म्हणाला, "नाही. मी नाही करत, जा."

मामांचा हात तिथंच थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मोठेबाबांकडे पाहिलं, आणि हसायचा प्रयत्न करत पुन्हा विचारलं, "आन हे म्हनाचं कोनाले असते?"

बंडूनं विचारसुद्धा केला नाही.

"जो उठ म्हनते, त्याले."